मॅडम, भावासोबत मलाही आत बोलावलंत त्याबद्दल

मॅडम नमस्कार,

तुम्ही जळगाव सोडून गेलात असं पप्पांकडून कळलं, नंबर पण बदललाय, म्हणून इथंच लिहितेय, कुठूनतरी पोहोचेल तुमच्यापर्यंत.

माझ्या भावाच्या, छोटूच्या ऑटिझमच्या थेरपीला आम्ही चोपड्याहून एसटीने तुमच्याकडे यायचो, तो आत आणि मी बाहेर बाकावर होमवर्क करत, आणि येणारा जाणारा एकच विचारायचा, भाऊ बोलायला लागला का गं? तुझं काय चाललंय, मैत्रीण कोण आहे, त्याने तुझं काय काय फाडलं, हे पहिल्यांदा तुम्ही विचारलं. मी चित्रकलेची वही म्हटलं आणि रडायलाच लागले. तुम्ही मम्मीला सरळ सांगितलं, हिला कुलूपवाली जागा द्या, किल्ली हिच्याकडेच. लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा मिळाला मला, आणि खरं सांगते मॅडम, त्याच्यावरचा निम्मा राग तिथंच गेला.

आणि ते बुचांचं. तो बाटल्यांची बुचं ओळीत लावत बसायचा, मी मधे हात घातला की किंचाळायचा. तुम्ही म्हटलं ओळ मोडू नको, बाजूला बस, एकेक बूच दे आणि थांब. बरेच दिवस काहीच नाही, मग एकदा त्याने माझं मनगट धरून ओढलं, पुढचं बूच पाहिजे म्हणून!! आम्हा दोघांचा पहिला खेळ तो.

पण सगळ्यात मोठे उपकार वेगळेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या-मावश्या जमल्या की ठरलेलं, "माय, आता तूच त्याची दुसरी आई." मी सहावीत होते तेव्हा, रात्र रात्र विचार करायचे की माझं लग्न झाल्यावर हा कुठे राहील. तुम्ही पप्पांना समोर बसवून सांगितलं की पोरीसमोर हे बंद करा, ऑटिझम 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात येतो, छोटू 18 चा झाला की त्याच्या कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, हिचं काय ते ही मोठी झाल्यावर ठरवेल. कितीही मायेने म्हटलं तरी लहान पोरांच्या डोक्यावर असं ओझं टाकूच नये, मला आजही हेच वाटतं.

मी आता धुळ्याला बीएस्सी करतेय, हॉस्टेलला राहते. छोटूचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, झालंय, पालकत्वाच्या अर्जाचे कागद पप्पा जमवताहेत.

आखाजीला याल का मॅडम? मम्मी खापरावरचे मांडे आणि आमरस करणार आहे. छोटू तुम्हाला ओळखेल, मला खात्री आहे.

तुमची,
बाहेरच्या बाकावरची ताई