बाबांच्या औषधांबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, शेजारच्या नातवाची सूज स्टिरॉइडने उतरली आणि आपले डॉक्टर मात्र नुसतं 'थांबा' म्हणून राहिले, याचा तुला राग आलाय. बाबा फोनवर ऐकून घेत नाहीत, म्हणून लिहूनच पाठवते.

दोघांनाही झालाय तो मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून दिवसाला ३.५ ग्रॅमच्या वर प्रथिनं जाणं, रक्तातलं अल्ब्युमिन घटणं आणि सूज. कारणं मात्र निरनिराळी. लहान मुलांत बहुधा 'मिनिमल चेंज' हा प्रकार निघतो, त्याला स्टिरॉइड लागू पडतं. बाबांच्या बायॉप्सीत 'मेम्ब्रेनस' आलंय, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणीचा पडदा जाड होतो तो प्रकार. त्याला एकट्या स्टिरॉइडने गुण येत नाही, वर शुगर वाढते.

यात साधारण एक तृतीयांश जणांचा आजार आपणहून ओसरतो. बाबांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चांगलं आहे, म्हणूनच सहा महिने वाट बघायची. तोवर टेल्मिसार्टन चुकवायची नाही. "मला बीपी नाही" हे चालणार नाही बाबा, ती प्रथिनांची गळती कमी करायला दिलीय. मात्र नागपूरच्या मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या, ऊन लागलं, तर ती आणि लघवीची गोळी चालू ठेवायची का, ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

मीठ कमी करायचंय, म्हणून सांडगी मिरची आणि पापड बंद. तर्री पोह्यांवरची तर्रीसुद्धा. संत्र्याचं पोटॅशियमचा रिपोर्ट बघून ठरवू.

गुडघ्यासाठी आणलेली ती भस्माची पुडी आणि पेनकिलर, दोन्ही कपाटातून काढा. अशा भस्मात पारा असू शकतो, आणि पाऱ्यामुळेही मेम्ब्रेनस होतो. पुडी पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

रोज सकाळी चहाआधी वजन करा. नडगीवर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो, ते आई बघेल. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. या आजारात रक्ताची गुठळी होते, मला सगळ्यात भीती तिचीच.

सहा महिन्यांत उतार पडला नाही, तर रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सलाइनमधून देतात. नाहीतर सहा महिने आलटूनपालटून स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड, किंवा टॅक्रोलिमसच्या गोळ्या. सायक्लोफॉस्फामाइड जुनं आणि स्वस्त, पण त्याने पांढऱ्या पेशी घटतात. माझा कल रिटुक्सिमॅबकडे आहे. खर्चाचं मी बघते.

पीएलए२आरची (गाळणीवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांची) रक्ततपासणी सांगितली तर महाग म्हणून टाळू नका. आजार हटायला लागला की आधी तो आकडा उतरतो, लघवी नंतर सुधारते. रिपोर्ट आला की फोटो पाठवा, सगळी पानं.

तुमची लेक