‘बिडी ओढता का?’ एवढंच विचारलं

माननीय संपादक,

माझे वडील मुलुंडच्या एका कारखान्यात २२ वर्षं अ‍ॅस्बेस्टॉसच्या गोण्या फोडून मिक्सरमध्ये ओतत. तोंडाला फक्त रुमाल. घरी आले की आई त्यांचे कपडे गॅलरीत झटकायची, पांढरी धूळ उडायची. निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी विचारलं, ‘बिडी ओढता का?’ ते ओढत, म्हणून केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं. काम काय करत होतात, हे कोणीच विचारलं नाही.

खरं तर अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो. धूम्रपान आणि हे तंतू एकत्र आले की धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे बिडीमुळे कारखाना निर्दोष ठरत नाही! अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग भरपाईस पात्र व्यावसायिक आजारांत मोडतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५चा आदेश आहे. आम्ही नोंदी मागितल्या तेव्हा कारखाना बंद, फाटकाला कुलूप. केसपेपरवर कामाचा उल्लेखच नाही, मग दावा कशावर करायचा?

डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे, आयुष्यभराच्या नोकऱ्या विचारा आणि लिहून ठेवा. आणि जुन्या कामगारांनो, पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड रद्दीत घालू नका. आईचाही छातीचा एक्स-रे आम्ही पुढच्या आठवड्यात काढतोय.

– एका कामगाराची मुलगी, मुलुंड