गोळा घरीच करा की

संपादकसाहेब, नमस्कार. ऊन तापलं की गोळ्याच्या गाडीपुढे मुलं हट्ट करतात आणि आपण घेऊन देतो, पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे कोणी विचारत नाही. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग टाकायचा असा नियम राज्यात २०१८ पासून आहे, पण पांढरा दिसला म्हणजे चांगल्या पाण्याचाच असं थोडंच आहे, आणि गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत!

त्यापेक्षा घरी करा, खरंच सोपंय. उकळून गार केलेल्या पाण्यात कोकम सरबत किंवा कैरीचं पन्हं करायचं, साखर नेहमीपेक्षा जरा जास्तच, कारण गारेगार झालं की जिभेला गोडी कमी लागते आणि साखर कमी पडली तर दगडासारखं घट्ट होतं. पसरट डब्यात फ्रीजरला ठेवा, कडेने धरायला लागलं की काट्याने खरवडा, परत ठेवा, असं तीन-चारदा केलं की मस्त भुरभुरीत होतं, मशीन-बिशीन काही लागत नाही. वरून काळं मीठ, जिरेपूड हवीच हं.

महापालिकेने बर्फाचे नमुने ऐन उन्हाळ्यात तपासावेत आणि निकाल तुम्ही पेपरात छापावेत, एवढी विनंती.

– एक आई, ठाणे