जपान रेल पास घेण्याआधी बेरीज करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानच्या सहलीविषयी मराठीत लिहिताना ‘निघण्यापूर्वी जपान रेल पास घ्याच’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. हा पास म्हणजे परदेशी पर्यटकांना ठरावीक दिवस जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाड्यांनी हवा तितका प्रवास करू देणारे तिकीट. तो सल्ला आता जुना झाला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 येनवरून थेट 50,000 येनवर गेली. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचे (बुलेट ट्रेनचे) एकेरी भाडे साधारण 14 हजार येन, म्हणजे जाऊन-येऊन 28 हजार. त्यात हिरोशिमा जोडले आणि तिथून सरळ टोकियोला परतले, तरी बेरीज 45 हजारांच्या आसपासच राहते. आठवड्याभरात याहून लांबचा पल्ला मारणाऱ्यांनाच पास परवडतो. शिवाय सर्वांत वेगवान नोझोमी गाडीसाठी पासधारकांना वेगळे पैसे मोजावे लागतात. ते वाचवून हिरोशिमाला जायचे, तर हिकारी गाडीने शिन-ओसाका स्थानकापर्यंत जाऊन तिथे साकुरा गाडी धरावी लागते.

सामानाबद्दल तर फारच कमी लिहिले जाते. टोकियो-ओसाका-हाकाता मार्गावरच्या शिंकान्सेनमध्ये बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर डब्यातल्या शेवटच्या रांगेमागे जागा असलेले आसन आधीच राखून ठेवावे लागते. या आरक्षणाला जादा पैसे पडत नाहीत. न करता चढल्यास मात्र 1,000 येन भरावे लागतात. त्यापेक्षा मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवरून कुरियरने पुढच्या हॉटेलला पाठवणे उत्तम. टोकियोहून क्योटोला ती सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि औषधे हातातल्या पिशवीत असू द्यावीत.

सुइका हे आधी पैसे भरून वापरायचे कार्ड लोकल, मेट्रो आणि बसला सोयीचे, पण त्याचे विभाग आहेत. टोकियो विभागात कार्ड लावून आत शिरल्यावर दुसऱ्या विभागातल्या स्थानकावर त्याच कार्डाने बाहेर पडता येत नाही. लांबच्या साध्या गाडीला कागदी तिकीट काढावे.

क्योटोत बहुतेक प्रवासी बसच्या रांगेत अडकतात. तिथला फक्त बसचा दिवसभराचा पास बंद झाला असून आता मेट्रो आणि बस मिळून 1,100 येनचा पास मिळतो. फुशिमी इनारी देवस्थानाला तर बस मुळीच नको: क्योटो स्थानकावरून जेआर नारा मार्गाची लोकल घ्यावी, दुसरेच स्थानक इनारी. जलद गाडीत चढलात तर ती तिथे न थांबता पुढे निघून जाते. बांबूच्या बनासाठी प्रसिद्ध आराशियामालाही जेआरनेच जावे. किंकाकुजी या सुवर्णमंदिरासाठी मेट्रोने किताओजीपर्यंत जाऊन तिथून बस धरली, की शहराच्या मधली कोंडी चुकते.

आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीतच, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात, जपानमध्ये लागोपाठच्या सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’ असतो. त्या दिवसांत नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात. आयत्या वेळी तिकीट काढून बसू म्हणणाऱ्यांचे हाल होतात. टोकियोहून क्योटोला जाताना उजवीकडचे ‘ई’ आसन मागावे. आकाश स्वच्छ असेल तर शिन-फुजी स्थानकाच्या आसपास फुजी पर्वत त्याच खिडकीतून दिसतो.

पर्यटनावरच्या लेखांखाली दर कोणत्या महिन्यातले आहेत, एवढी एक ओळ आपण छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक