नारळी पौर्णिमेच्या पंगतीबद्दल काकूंना पत्र

तीर्थस्वरूप काकूंना,

सादर साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानू लागले की तुम्ही 'अगो, आभार कसले? शेजार असतो कशासाठी?' असे म्हणून विषय बदलता आणि सांगायचे ते राहून जाते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, बदलीच्या नोकरीमुळे माझ्यासारखी कितीतरी माणसे गुहागर, दापोली, देवगड अशा गावांत येऊन राहतात, सणाच्या दिवशी भाड्याच्या घरात दोघेच जेवतात आणि चार माणसांना जेवायला बोलवावेसे वाटले तरी 'एवढे सगळे कसे जमणार' या विचाराने थांबतात. तुम्ही मला जे दाखवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

श्रावणातल्या पौर्णिमेला सुट्टी एकाच दिवसाची होती. बँकेतल्या दोन तरुण सहकाऱ्यांना, त्यातला एक बिहारचा आणि एक नांदेडची, तेवढ्या वेळात घरी जाऊन येणे शक्य नव्हते. आमचे घरमालक आजोबा एकटे राहतात. असगोलीच्या ज्या मावशींकडून आम्ही वर्षभर मासळी घेतो, त्यांना आणि त्यांच्या यजमानांना एकदा घरी जेवायला बोलवायचे बरेच दिवस मनात होते. त्यात तुम्ही, काका आणि आम्ही दोघे धरून ९ पाने झाली. माझे माहेर सोलापूरचे. तिकडे सण म्हटला की पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, दोन भाज्या, दोन कोशिंबिरी हे ओघाने येते, आणि त्याच रीतीने केलेली माझी यादी घेऊन मी तुमच्याकडे आले होते. ती वाचून तुम्ही एकच प्रश्न विचारलात: 'पाहुणे आल्यावर यातले काय काय चुलीवर असणार आहे?'

या प्रश्नाने जेवणाची सगळी आखणी बदलली. पदार्थ किती आहेत यापेक्षा शेवटच्या अर्ध्या तासात हातात किती कामे उरतात ते पाहावे, असे तुम्ही सांगितलेत आणि त्या हिशेबाने आपण यादी पुन्हा लिहिली. भोपळ्याचे घारगे सकाळी तळून ठेवले तरी संध्याकाळी तितकेच चांगले लागतात, म्हणून ते सकाळी. नारळी भात मुरलेला अधिक चवदार, म्हणून तो दुपारी. डाळिंब्यांची, म्हणजे सोललेल्या कडव्या वालांची उसळ आणि अळूचे फदफदे तिसऱ्या प्रहरी करून ऐन वेळी फक्त गरम करायचे. काकडी चोचवून ठेवायची, पण मीठ आणि दही पाने वाढताना घालायचे, कारण मिठाने पाणी सुटते. सोलकढीसाठी आमसुले सकाळीच भिजत घालायची, नारळाचे दूध मात्र संध्याकाळी काढायचे. श्रावणातल्या दमट हवेत ते फार वेळ टिकत नाही. पाहुणे आल्यावर चुलीवर उरला तो केवळ वरणभात.

कडव्या वालांचे काम दोन दिवस आधी सुरू झाले. भिजवणे, फडक्यात बांधून मोड आणणे आणि मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलणे, हे मी पूर्वी कधी केले नव्हते. अर्धा किलो वाल सोलायला तुम्ही आदल्या संध्याकाळी स्वतः ओटीवर येऊन बसलात आणि माझ्या यजमानांनाही शेजारी बसवलेत. 'घरच्या कार्याचे सोलणे-निवडणे घरच्या सगळ्यांनी करायचे असते,' असे तुम्ही इतक्या सहज म्हणालात की त्यांनी दुसऱ्या दिवशी खवणीवर नारळ खवण्याचे कामही आपण होऊन मागून घेतले. त्या तासाभरात तुमच्याकडून जे ऐकायला मिळाले, ते मला वालांहून मोलाचे वाटते.

अळूबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेल्या माणसाला त्याची धास्ती वाटते. अळूच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशाला व हातांना टोचल्यामुळे खाज येते. तुम्ही चिरण्यापूर्वी हाताला तेल लावायला सांगितलेत, देठ सोलून घेतलेत, चिंचेचा कोळ हात राखून न घालता पुरेसा घातलात आणि अळू पूर्ण शिजून गिळगिळीत होईपर्यंत गॅस बंद करू दिला नाहीत. वडीचे अळू वेगळे आणि भाजीचे वेगळे, हेही तुमच्या परसात विहिरीच्या पन्हळीजवळ उभे राहूनच मला कळले. त्यात चण्याची डाळ, शेंगदाणे आणि मुळ्याच्या चकत्या पडल्या. शिवाय तुम्ही उन्हाळ्यापासून मातीत जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या काढून दिल्यात. आजोबांनी पानावर आठळी पाहिल्याबरोबर विचारले की ही श्रावणात कुठून आली, आणि फदफदे तीनदा मागून घेतले.

नारळी भाताचे प्रमाण मी जपून लिहून ठेवले आहे. ३ वाट्या तांदूळ, तेवढाच खवलेला नारळ, साडेतीन वाट्या चिरलेला गूळ; तुपावर लवंगा, शेवटी वेलची आणि जायफळ. प्रमाण कुठेही मिळेल. मला महत्त्वाचे वाटले ते तुम्ही सांगितलेले कारण. गूळ पडला की तांदूळ पुढे शिजत नाही, म्हणून भात आधी पूर्ण शिजवून, परातीत मोकळा करून, निवल्यावरच त्यात गूळ-खोबरे मिसळायचे आणि मंद आचेवर वाफ आणायची. एवढे समजले की हा पदार्थ घाबरण्यासारखा राहत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून वाटणाची सगळी कामे दुपारी चारच्या आत उरकून घ्यायला तुम्ही सांगितलेत, तरीही तुमचा पाटा-वरवंटा धुऊन आमच्या पडवीत आणून ठेवलात. केळीची पाने वाऱ्याने फाटलेली असणार हे ओळखून तुम्ही भिंतीच्या आडोशाच्या केळींवरून सकाळीच पाने काढलीत, पुसलीत आणि ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवलीत. पानाचे अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे आणि उजवीकडे भाज्या, हे मांडणे तुम्ही नांदेडच्या मुलीकडून करून घेतलेत. ती पाहुणी होती, पण काम हाती आल्यावर तिचा संकोच गेला, हे मी पाहिले आहे.

आजोबांच्या गुडघ्यांचा प्रश्न होता. त्यांना खुर्ची आणि इतरांना पाट असे मी सुचवले, तेव्हा तुम्ही ठामपणे म्हणालात की एकाला वेगळे बसवले की त्याचे जेवणातले लक्ष उडते. बसायचे तर सगळ्यांनी खाली, नाहीतर सगळ्यांनी वर. तुमच्या घरचे लांब बाक आणि आमचे टेबल जोडून ९ माणसांची एकच रांग झाली. कोणाला काय चालत नाही हे दोन दिवस आधी विचारून घ्यायलाही तुम्हीच सांगितले होतेत. मावशींच्या यजमानांना मधुमेह आहे हे त्यामुळे कळले, आणि त्यांच्या पानावर नारळी भाताची लहानशी मूद वाढली गेली. त्याबद्दल पंगतीत कोणाला एक शब्दही बोलावा लागला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे, ती सांगते. आदल्या संध्याकाळी वाल सोलताना मी सहज म्हणाले होते की सगळ्यांचे झाले की मी मागाहून जेवेन. तुमचे हात थांबले. तुम्ही सांगितलेत की लग्न होऊन या गावात आल्यापासून तुमच्या घरी सणाला पंगतीवर पंगती उठल्या, पुरुषांची, मुलांची, मग बायकांची, आणि वाढणाऱ्यांची सर्वांत शेवटी. तुम्ही कितीतरी वर्षे सणाचा भात गरम असा खाल्लाच नाहीत. 'मोठ्या घरात तेव्हा दुसरा इलाज नव्हता. तुझ्याकडे नऊच माणसे आहेत. नवांत जिने रांधले तीच बसणार नसेल, तर माणसे थोडी बोलावून काय साधलेस?' हे तुम्ही रागाने म्हणाला नाहीत, त्यात कोणावर दोषही नव्हता. पण मी माझ्या आईला, आजीला, मावशांना सणाच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्याच पाहिले आहे, आणि त्याबद्दल असा विचार कोणी माझ्यासमोर मांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते प्रत्यक्ष घडवून आणलेत. डावी-उजवी बाजू आधीच वाढून झाली होती. वरण, भात, तूप, उसळ, फदफदे आणि सोलकढी यांची भांडी टेबलावरच, हाताच्या अंतरावर ठेवलीत आणि प्रत्येक भांडे एकेकाच्या स्वाधीन केलेत: तूप आजोबांकडे, सोलकढी काकांकडे, भात माझ्या यजमानांकडे. कोणाला उठावे लागले नाही. काकांनी सोलकढी वाढताना जो आग्रह केला तसा आग्रह उभ्याने वाढणाऱ्यालाही जमला नसता. वरणभातावर आजोबांच्या हातची तुपाची धार पडली, सगळ्यांनी मिळून 'वदनि कवळ घेता' म्हटले आणि मी सर्वांबरोबर पहिला घास घेतला. भात गरम होता. तुमच्याही पानावरचा भात गरम होता, आणि तो तुम्ही सावकाश, न उठता जेवलात, हे पाहून मला जो आनंद झाला तो मी त्या वेळी बोलून दाखवू शकले नाही.

बसल्यामुळेच मला पंगतीतले बोलणे ऐकायला मिळाले. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली तरी समुद्राचे मन पाहूनच होडी लोटायची असते, हे मावशींचे यजमान सांगत होते. त्याच दिवशी दुपारी त्यांनी समुद्राला नारळ वाहिला होता आणि प्रसादाचे खोबरे ते आमच्यासाठी घेऊन आले होते. आजोबांनी त्यांच्या लहानपणीच्या दाभोळ खाडीतल्या होड्यांची नावे आठवून सांगितली. मी स्वयंपाकघरात असते तर यातले काहीच माझ्या कानी पडले नसते.

बिहारच्या मुलाच्या बहिणीने पोस्टाने पाठवलेली राखी त्याच्या खिशात पाकिटातच होती. ती स्वतःच्या हाताने कशी बांधायची, म्हणून त्याने ती दिवसभर तशीच ठेवली होती. तुम्ही ती मागून घेतलीत, आधी त्याला घरी फोन लावायला लावलात आणि बहिणीच्या देखत त्याच्या मनगटावर बांधलीत. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा तुम्ही त्याला घारग्यांचा डबा दिलात. ते घारगे माझ्या परातीतले नव्हते. तुम्ही तुमच्या घरी त्याच्यासाठी वेगळे केले होतेत, हे मला नंतर काकांकडून कळले.

काकू, तुमचे बाक माझे यजमान रविवारी पोचवतील. पाटा-वरवंटा मात्र मी आणखी काही दिवस ठेवून घेते, कारण पाट्यावरच्या चटणीची चव आम्हा दोघांनाही लागली आहे. मावशींनी पुढच्या वेळी सगळ्यांना असगोलीला बोलावले आहे. त्याआधी कोजागरीला आमच्या अंगणात दूध आटवायचे ठरले आहे, तेव्हा तुम्ही आणि काका नक्की या, आणि येताना हातात काहीही आणू नका. दूध ढवळायला नांदेडची मुलगी आणि बिहारचा मुलगा दोघेही आधीच तयार आहेत.

तुम्ही दिलेल्या वेळाबद्दल, शिकवणीबद्दल आणि मला त्या पंगतीत बसवल्याबद्दल मी तुमची अत्यंत ऋणी आहे. काकांना नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
शेजारची सूनबाई
गुहागर