करारावर सही कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामगार संघटना, संप आणि मालक-कामगार वाद यांविषयीचा केंद्राचा नवा कायदा, म्हणजे औद्योगिक संबंध संहिता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेव्हापासून तिच्यावर जे काही छापून येते आहे त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, युनियनबाजीने उद्योग बुडवले, बरे झाले चाप बसला. दुसरा म्हणतो, संपाचा हक्क गेला. दुसरा सूर मला जवळचा आहे. पूर्वी संपाआधी नोटीस देण्याचे बंधन रेल्वे, वीज, पाणी अशा सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरते होते, आता ते सगळ्याच आस्थापनांना लागू आहे. नोटीस दिली की समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी, बैठक लावणार, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप बेकायदा. म्हणजे कायदेशीर संपाची वेळ येणार तरी कधी? निम्म्या लोकांनी एका दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जाणार. बेकायदा संपात भाग घेणाऱ्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण संपाच्या अलीकडचा एक प्रश्न आहे आणि त्याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष नाही. व्यवस्थापनासमोर बसून कामगारांच्या वतीने करारावर सही कोण करणार, हे ठरवायचे कोणी?

१९८२ चा गिरणी संप घ्या. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांनी अडीच लाख कामगारांना देशोधडीला लावले, हे वाक्य आता पाठ्यपुस्तकातले असल्यासारखे ऐकवले जाते. सामंतांच्या ताठरपणाचे मलाही कौतुक नाही. पण बोनसवरून बिनसल्यावर गिरणी कामगार आपल्या पायांनी घाटकोपरला त्यांच्या दारात गेले होते, ते कशासाठी? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकांशी बोलणी करण्याचा हक्क एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला दिला होता. मुंबईच्या गिरण्यांत ती संघटना म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार खरोखर तिच्यामागे आहेत का, हे मतपेटी ठेवून विचारण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती. रजिस्ट्रारने सभासदांच्या नोंदी मान्य केल्या की काम झाले. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने गिरण्या बंद ठेवल्या, त्या वेळीही मान्यतेची हीच भिंत आडवी आली. तरी बत्तीस वर्षांत कोणाला काही सुचले नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मागण्यांत पगारवाढ होती, गैरहजर कामगाराच्या जागी तात्पुरते घेतल्या जाणाऱ्या ‘बदली’ कामगारांना कायम करण्याचा विषय होता आणि हा कायदा रद्द करा हेही होते. सरकारचे उत्तर ठरलेले: मान्यता मजदूर संघाला आहे. ज्यांच्याशी बोलायला कायद्याची मुभा होती त्यांचे म्हणणे कामगार ऐकत नव्हते, आणि कामगार ज्यांचे ऐकत होते त्यांच्याशी कायदा बोलू देत नव्हता. मग तडजोड होणार कोणाशी? तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या संपण्यात जुनाट यंत्रे, भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग आणि जमिनींचे भाव यांचाही हात होता. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

एसटीचा २०२१-२२ चा संप तर कालपरवाचा. वर्षानुवर्षे महामंडळाशी करार करत आलेल्या संघटनांना बाजूला सारून कर्मचारी महामंडळाच्या राज्य सरकारातल्या विलीनीकरणासाठी डेपोबाहेर बसले ते एप्रिल २०२२ पर्यंत. ती मागणी मला तेव्हाही पटली नव्हती. पण प्रस्थापित पुढाऱ्यांवरचा विश्वास उडाला की काय होते, ते साऱ्या महाराष्ट्राने स्टँडवर ताटकळत पाहिले.

आता संहितेविषयी. संघटनेला मान्यता देणे बंधनकारक करणारी दुरुस्ती केंद्रीय कायदेमंडळाने १९४७ मध्येच केली होती. ती अमलात कधीच आली नाही. त्या मानाने संहितेच्या चौदाव्या कलमात मान्यतेचा विषय एकदाचा आला, हे श्रेय द्यायला हवे. एकाहून अधिक संघटना असतील तर मस्टरवरच्या (कंपनीच्या हजेरीपटावरच्या) ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करेल. तसे कोणीच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद. मुदत तीन वर्षे, मालक आणि संघटना या दोघांच्या संमतीने पाचपर्यंत. ऐकायला ठीक आहे.

खोच आहे ती ‘मस्टरवरच्या’ या अटीत. चाकण, रांजणगाव, भोसरी, कुठल्याही पट्ट्यात चला. लाइनवर उभी असलेली कितीतरी पोरे कंपनीच्या मस्टरवर नसतात. कोणी कंत्राटदाराचा, कोणी ट्रेनी, कोणी अप्रेंटिस. समजा, दोनशे पर्मनंट आणि सहाशे कंत्राटी आहेत. तिथे एकशे दोन जणांच्या पाठिंब्यावर आठशे माणसांच्या कामाचा वेग ठरणार, कारण उत्पादनवाढीचे कलम करारात असतेच आणि लाइन सगळ्यांसाठी एकाच वेगाने चालते. पगारवाढ मात्र दोनशेंना. मी युनियनच्या कमिटीवर होतो. कंत्राटींचा विषय निघाला की व्यवस्थापन म्हणायचे, ते आमचे कामगारच नाहीत. दुःख याचे की टेबलाच्या आमच्या बाजूलाही काही माना डोलायच्या.

त्या पोरांनी दाद मागायची कुठे? आपल्या राज्याचा १९७१ चा मान्यता आणि अनुचित प्रथांचा कायदा चांगला आहे. सहा महिने ३० टक्के सभासद दाखवले की औद्योगिक न्यायालयातून मान्यता मिळते. पण २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कंत्राटी कामगाराने आपण याच मालकाचे कामगार आहोत हे आधी दुसरीकडे सिद्ध करावे, मग या कायद्याखाली यावे. दुसरीकडे म्हणजे आणखी काही वर्षे. तोवर कंत्राटदारच बदललेला असतो.

कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची हे गुप्त मतदानाने ठरवणे अव्यवहार्य आहे, असे मालक म्हणतात आणि गंमत म्हणजे बरेच युनियन पुढारीही म्हणतात. सभासद वर्गणीची पावती पुस्तके हातात असलेल्यांना मतपेटी आवडत नाही, यात नवल नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात गुप्त मतदानाची पद्धत टप्प्याटप्प्याने सांगितली आहे. रेल्वेने डिसेंबर २०२४ मध्ये देशभर लाखो कर्मचाऱ्यांचे मतदान घेतले, गाड्या चालू ठेवून. मग चारशे माणसांच्या कारखान्यात अडचण कसली?

माथाडीच्या नावाखाली चाकणमध्ये खंडणी मागणाऱ्या टोळ्यांकडे बोट दाखवून सगळ्या संघटनांना झोडपणाऱ्यांना एवढेच सांगतो: त्या टोळ्यांना कोणत्याही कामगाराने मत दिलेले नाही. तो पोलिसांचा विषय आहे.

संहितेने केंद्राचे तीन कायदे रद्द केले, त्या यादीत राज्याचा १९७१ चा कायदा नाही. तो पुढे कसा चालणार, जुन्या मान्यतांचे काय होणार, हे कामगार विभागाने कारखान्यांच्या सूचना फलकावर मराठीत लावावे. आणि मतदान घेणार असाल तर कंपनीने दिलेले मस्टर हीच मतदारयादी धरू नका. तुमचा अधिकारी गेटवर बसवा, तिन्ही शिफ्टना. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा, गेटपास कोणत्याही रंगाचा असो.

आपला,
एक निवृत्त टर्नर, चिंचवड