हवेत कार्बन वाढला तरी पाण्याचं काय?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडं कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर हल्ली एक गोष्ट सारखी ऐकायला मिळते, की कार्बन डायऑक्साइड तर झाडाचं खाद्यच आहे, तो वाढला तर पिकं जोमातच येतील, मग हवामान बदलाचं एवढं कशाला घेऊन बसलात. यातलं अर्धं खरं आहे म्हणूनच लोकांना ते पटतं, पण मराठवाड्यात उरलेलं अर्धं लई महागात पडणारंय.

कारखानदारी यायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू साधारण २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, गहू या पिकांना त्याचा फायदा होतो हे खरं. पानावरची बारीक छिद्रं कमी उघडली तरी त्यांचं भागतं, म्हणून पानातून पाणी कमी उडतं. अमेरिकेत इलिनॉयला उघड्या शेतात पाइपांनी हा वायू सोडून सोयाबीनवर कित्येक वर्षं प्रयोग झालेत, उतारा वाढला पण बंद खोलीतल्या प्रयोगांवरून वाटला होता तेवढा नाही. आणि कोरड्या वर्षी तर तो फायदा पार गेला, कारण पाला जास्त वाढला आणि त्या पाल्यानं जमिनीतली ओल लवकर संपवली!

आता हे आपल्या मुरमाड रानावर लावून बघा. ऑगस्टात सोयाबीन फुलावर असताना पावसाचा खंड पडतो, दुपारी पानं माना टाकतात, फुलं गळतात, ज्या शेंगा राहतात त्यात दाणा भरत नाही. तिथं हवेत कितीही कार्बन असला तरी काय कामाचा, पाणीच नाही तर. आणि काढणीच्या तोंडावर तोच पाऊस एकदम येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडं उभ्या पिकासकट माती वाहून गेली. हवा एक अंशानं तापली की तिच्यात वाफ साधारण ७ टक्के जास्त मावते, म्हणून पडतो तेव्हा असा धो धो पडतो.

ज्वारीचं मात्र वेगळं आहे. ती पानातच हा वायू साठवून वापरते, त्यामुळं हवेत तो वाढल्याचा तिला फारसा फायदा नाही, पण ऊन आणि ताण ती सोयाबीनपेक्षा किती तरी चांगला सोसते. शिवाय वाढलेल्या कार्बनमध्ये गव्हाच्या दाण्यातलं जस्त, लोह आणि प्रोटीन कमी होतं असं प्रयोगांत दिसलंय, ज्वारीत तसं फारसं होत नाही. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर जास्त लोह आणि जस्त असलेलं परभणी शक्ती हे वाण २०१८ लाच दिलंय.

तरी ज्वारीचं रान दरवर्षी कमीच होतंय, कारण काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला कुणी नाही आणि हमीभावाचं खरेदी केंद्र जवळ नाही. शेतकऱ्यानं सोयाबीन पेरलं म्हणून त्याला दोष कसा देणार. माझी कृषी खात्याला कळकळीची विनंती आहे की परभणी शक्तीचं बियाणं पेरणीच्या आधी तालुक्याला पोचवा, ज्वारी काढायची यंत्रं गावगटांना भाड्यानं द्या आणि खरेदी केंद्र वेळेवर उघडा. आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा.

आपला,
एक शेतकरी वाचक, औसा, जि. लातूर